‘जनता’ म्हणजे कोण? कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलची खुर्ची आणि आपण

२०२० साली कमला हॅरिस अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवत होत्या, तेव्हा तमिळनाडूतल्या थुलसेंद्रपुरम या त्यांच्या आजोबांच्या गावी देवळात पूजा झाल्या. २०२४ साली त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या तेव्हा पुन्हा तेच. आपल्याकडच्या चॅनेलांनी त्यांना ‘भारताची लेक’ करून टाकले. त्यांची आई श्यामला गोपालन तमिळ ब्राह्मण कुटुंबातल्या, वडील जमैकातून आलेले कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञ. पण वडिलांच्या गावाची आठवण इथे कुणाला झाली नाही. आपल्या चळवळीतल्या पोरांमध्येही दोन तट पडले. एक म्हणत होता, काळी बाई एवढ्या उंचीवर पोचते हाच मोठा विजय. दुसरा म्हणत होता, ब्राह्मणाची नात आहे, आपल्याला तिचे काय कौतुक?

दोन्ही तट माणसाबद्दल बोलत होते. खुर्चीबद्दल कुणीच बोलत नव्हते. सिनेटमध्ये जाण्याआधी २०११ ते २०१७ अशी सहा वर्षे हॅरिस कॅलिफोर्निया राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल होत्या. ती खुर्ची कसली, तिच्यावर आधी कोण कोण बसले, त्यांनी तिथे बसून काय केले, हा इतिहास आपण वाचला पाहिजे. कारण त्या इतिहासात वंश आहे, जमीन आहे, शाळा आहे, आणि अगदी मधोमध जातसुद्धा आहे.

सरकारचा वकील की जनतेचा?

आपल्याकडे राज्याचा जो महाधिवक्ता असतो, त्याच्याशी मिळतेजुळते हे पद. पण फरक मोठा आहे. आपला महाधिवक्ता राज्यपाल नेमतात, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळ नेमते. अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो. कॅलिफोर्नियात दर चार वर्षांनी त्याची निवडणूक होते. तो राज्यपालाचा नोकर नसतो. राज्यपाल एका पक्षाचा आणि अ‍ॅटर्नी जनरल दुसऱ्या पक्षाचा, असेही होऊ शकते.

त्याच्या हातात काय असते? राज्याच्या कायद्यांचा कोर्टात बचाव करणे. फौजदारी अपिलांत राज्याची बाजू मांडणे. जिल्ह्याजिल्ह्याच्या सरकारी वकिलांवर आणि शेरीफवर देखरेख ठेवणे. कुणाच्या जमिनीवर, कंपनीवर, संस्थेवर राज्याच्या नावाने दावा लावायचा ते ठरवणे. आणि एखादा कायदा किंवा एखाद्या सरकारी संस्थेची कृती त्याला घटनाविरोधी वाटली, तर कोर्टात तसे सांगणे.

कॅलिफोर्नियात फौजदारी खटल्याचे नावच असते, ‘कॅलिफोर्निया राज्याची जनता विरुद्ध अमुक’. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात ‘सम्राट विरुद्ध अमुक’ असे लिहीत, आता ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक’ असे लिहितात. तिकडे सरकारी वकील उभा राहतो तो जनतेच्या नावाने. म्हणून या पदाच्या इतिहासाला आपण एकच प्रश्न विचारायचा: या ‘जनते’त कोण होते आणि कोणाला बाहेर ठेवले होते?

ज्यांची साक्षच चालत नव्हती

१८४९ च्या राज्यघटनेने हे पद निर्माण केले आणि १८५० साली कॅलिफोर्निया अमेरिकेत राज्य म्हणून सामील झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने ठरवले की कृष्णवर्णीय माणसाची आणि मूलनिवासी इंडियन माणसाची साक्ष गोऱ्याच्या विरुद्ध चालणार नाही. १८५३ साली लिंग सिंग नावाच्या चिनी खाणकामगाराचा खून झाला. चिनी साक्षीदारांनी पाहिले होते. जॉर्ज हॉल या गोऱ्या माणसाला त्यांच्या साक्षीवरून शिक्षाही झाली. १८५४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण काय, तर चिनी माणूसही याच बंदीत येतो, त्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध ग्राह्य नाही. खटल्याचे नाव होते ‘जनता विरुद्ध हॉल’. मेलेला माणूस आणि पाहणारे साक्षीदार मात्र त्या जनतेत धरले गेले नाहीत.

मनुस्मृतीचा आठवा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. साक्ष कोणी कोणासाठी द्यायची हे तिथेही वर्णावरून ठरवले आहे. ज्याच्या शब्दाला कोर्टात किंमत नाही, त्याला मारणाऱ्याला भीती नसते. हे सूत्र सिएरा नेवाडाच्या खाणीत लागू होते आणि मराठवाड्याच्या शिवारातही.

३७ वर्षांची खुर्ची

या पदावर सर्वांत जास्त काळ बसलेला माणूस म्हणजे युलिसिस वेब. १९०२ ते १९३९, तब्बल ३७ वर्षे. लोकांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलेला. त्याचे नाव एका कायद्याशी कायमचे जोडले गेले आहे. फ्रान्सिस हेनी या वकिलाबरोबर त्याने १९१३ चा परक्यांच्या जमिनीविषयीचा कायदा तयार केला. ‘ज्या परक्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळूच शकत नाही, त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही’ असा त्याचा आशय. भाडेपट्टाही तीन वर्षांपुरताच. १९२० साली लोकांच्या कौलाने हा कायदा आणखी आवळला गेला.

कायद्यात ‘जपानी’ हा शब्द नव्हता. गंमत तिथेच आहे. नागरिकत्वाचा १७९० चा कायदा ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’पुरता होता, १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियाई मधल्या मध्ये लटकलेले. म्हणजे नागरिकत्व नाही म्हणून जमीन नाही, आणि वंशामुळे नागरिकत्व नाही. शब्द तटस्थ, नेम बरोबर. आपल्याकडे ‘गावठाणाची हद्द’, ‘देवस्थानची प्रथा’, ‘गुणवत्ता’ हे शब्द असेच काम करतात. वेबने मात्र फार लपवाछपवी केली नाही. कायदा झाल्यावर काही महिन्यांतच त्याने जाहीर भाषणात सांगून टाकले की या सगळ्याचा पाया वंश हाच आहे, हा वंश आम्हाला नको आहे. राज्याचा सर्वोच्च कायदा अधिकारी हे बोलत होता, आणि लोक त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत होते.

१९१३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यात बाबासाहेब शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोचले. आणि त्याच वर्षी, त्याच महिन्यात, पंजाबातला एक तरुण अमेरिकेत उतरला. त्याचे नाव भगतसिंग थिंड.

जातीचा दाखला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात

थिंड शीख होते. ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीशी त्यांचा संबंध होता. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. १९२० साली ओरेगनच्या कोर्टाने त्यांना नागरिकत्व दिले, केंद्र सरकारने त्याला आव्हान दिले, आणि खटला सुप्रीम कोर्टात गेला. प्रश्न होता: भारतीय माणूस ‘गोरा’ आहे का?

थिंड यांच्या बाजूने काय मांडले गेले ते प्रत्येक आंबेडकरी तरुणाने वाचले पाहिजे. वंशाच्या आधारे कायदा करणेच चूक आहे, असा तो युक्तिवाद नव्हता. युक्तिवाद होता की आम्ही उच्चवर्णीय आर्य आहोत. जातीबाहेर लग्न न केल्याने आमचे रक्त शुद्ध राहिले आहे. आणि त्याही पुढे जाऊन, अमेरिकेतला गोरा निग्रोशी सोयरीक करण्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासींकडे पाहतो. म्हणजे कोर्टाला सांगायचे होते की आम्हीही तुमच्यासारखेच वर्चस्ववादी आहोत, तेव्हा आम्हाला तुमच्यात घ्या!

आता याच्या शेजारी बाबासाहेबांचा निबंध ठेवा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, बाहेरच्याशी लग्नबंदी करूनच जात टिकवली जाते, हा त्याचा गाभा. बाबासाहेबांनी ज्याला जातीचे यंत्र म्हणून उघडे पाडले, तेच सात वर्षांनी त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात रक्तशुद्धीचे प्रमाणपत्र म्हणून सादर झाले. समुद्र ओलांडून गेलेल्या दोन भारतीयांपैकी एकाने जात समजून घेतली ती मोडण्यासाठी. दुसऱ्याच्या वतीने जात वापरली गेली ती वरच्या पायरीवर चढण्यासाठी.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी एकमताचा निकाल लिहिला: आर्य असाल-नसाल, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो ते तुम्ही नाही. जातीचा दाखला कोर्टाने वाचला आणि बाजूला ठेवला.

इथे वेब पुन्हा येतो. थिंड गोरे नाहीत म्हणजे भारतीय नागरिकत्वास अपात्र, आणि अपात्र म्हणजे १९१३ चा जमीन कायदा लागू. निकाल लागताच कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलने भारतीयांच्या जमिनींविरुद्ध कारवाया सुरू केल्या. इम्पिरियल व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्यांना जमिनी ओळखीच्या गोऱ्यांच्या नावावर किंवा मेक्सिकन बायकांपासून झालेल्या, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर ठेवून दिवस काढावे लागले. मिळालेली नागरिकत्वे काढून घेण्याचे खटले केंद्र सरकारने सुरू केले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांचे नागरिकत्व गेले, मालमत्ता हातची गेली, आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित आपला स्वतःचा खटला लढले आणि जिंकले, तेव्हा कुठे ही नागरिकत्व काढण्याची मोहीम थंडावली. ते जिंकले ते नागरिकत्व देणारा जुना निकाल आता इतक्या वर्षांनी उकरता येणार नाही या मुद्द्यावर, कुठल्या जातीच्या दाखल्यावर नव्हे.

थिंड यांच्यावर अन्यायच झाला, हे निःसंशय. सैनिक म्हणून राबवून घेतलेल्या माणसाला नागरिक म्हणून नाकारणे ही नीच गोष्ट होती. १९३५ च्या माजी सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे पुढच्या वर्षी त्यांना शेवटी नागरिकत्व मिळाले. पण अन्यायाविरुद्ध लढताना आपण कुठला युक्तिवाद निवडतो त्यावरून आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत ते ठरते. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकजण वरच्याचे पाय धरतो आणि खालच्यावर पाय ठेवतो, हे बाबासाहेबांनी शिकवले. सुप्रीम कोर्टाच्या त्या निकालपत्रात याचे उदाहरण छापील स्वरूपात आहे.

अर्ल वॉरन: फाळणी करणारा आणि सांधणारा

वेबच्या काळात अ‍ॅटर्नी जनरलचे पद तसे सैल होते. १९३४ साली लोकांच्या कौलाने घटनेत दुरुस्ती झाली आणि त्याला राज्याचा मुख्य कायदा अधिकारी म्हणून जिल्हा वकील आणि शेरीफ यांच्यावर देखरेखीचा अधिकार मिळाला. या दुरुस्तीसाठी पुढाकार घेणारा अलमीडा जिल्ह्याचा सरकारी वकील अर्ल वॉरन १९३८ साली स्वतःच निवडून आला आणि १९३९ पासून या बळकट झालेल्या खुर्चीवर बसला.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. वॉरनने राज्यातल्या जपानी लोकांकडच्या जमिनींचे नकाशे तयार करवून घेतले. वेबच्या कायद्यामुळे जपानी माणसाच्या ताब्यातली जमीन हा आधीपासूनच संशयाचा विषय होता. आता ती जमीन विमानतळाजवळ आहे, धरणाजवळ आहे, विजेच्या तारांजवळ आहे, असे नकाशावर दाखवले गेले. फेब्रुवारी १९४२ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली. अजून घातपात झाला नाही हीच काळजीची गोष्ट आहे, म्हणजे ते योग्य वेळेची वाट पाहत आहेत, असा त्याचा तर्क. पुरावा नाही हाच पुरावा! आजही आपल्या देशात कुणाला अडकवायचे असेल तेव्हा हा तर्क ऐकू येतो.

त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला. सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक छावण्यांत कोंडले गेले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. वॉरन त्याच वर्षी राज्यपालपदाची निवडणूक जिंकला.

हाच वॉरन १९५३ साली अमेरिकेचा सरन्यायाधीश झाला, आणि १९५४ साली त्यानेच ब्राऊन खटल्याचा एकमताचा निकाल लिहून शाळांमधले वंशभेदाचे कुंपण घटनाबाह्य ठरवले. छावण्यांबद्दल त्याने आत्मचरित्रात पश्चात्ताप व्यक्त केला. ते त्याच्या मृत्यूनंतर १९७७ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकन सरकारने १९८८ साली कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २०,००० डॉलर दिले. पण ज्यांची जमीन, दुकान, उमेदीची वर्षे गेली त्यांतले कितीतरी लोक तोवर मरून गेले होते.

मग वॉरन चांगला की वाईट? मला वाटते, हा प्रश्नच अपुरा आहे. १९४२ साली त्याच्यासमोर जे मतदार होते त्यांत जपानी जवळजवळ नव्हते. पहिल्या पिढीला नागरिकत्वच नव्हते, त्यामुळे मत नव्हते. मतांवर निवडून येणाऱ्या माणसाला ज्यांचे मतच नाही त्यांची भीती नसते आणि गरजही नसते. १९५४ साली तो निवडणुकीच्या बाहेर होता, आणि समोर थर्गुड मार्शल यांच्यासारखे वकील, त्यांच्यामागे एनएएसीपी ही संघटना आणि पिढ्यानपिढ्यांची लढाई उभी होती. माणूस बदलला असेलच, पण त्याच्याभोवतीचा दाब बदलला होता हे विसरू नका.

एका शेताची गोष्ट

ब्राऊनच्या आधी सात वर्षे कॅलिफोर्नियात एक खटला झाला, आणि त्यात तीन अ‍ॅटर्नी जनरलांची कामे एकाच शेतात येऊन भेटतात.

ऑरेंज काउंटीतल्या वेस्टमिन्स्टर गावी मुनेमित्सू या जपानी कुटुंबाचे ४० एकरांचे शेत होते. वेबच्या कायद्यामुळे आईवडिलांना जमीन घेता येत नव्हती, म्हणून ती अमेरिकेत जन्मलेल्या मुलाच्या नावावर. वॉरनने ज्याची वकिली केली त्या धोरणामुळे हे कुटुंब अ‍ॅरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत गेले. शेत पडीक पडू नये म्हणून त्यांनी ते गोन्झालो आणि फेलिसितास मेंडेझ या जोडप्याला कसायला दिले. गोन्झालो मेक्सिकोतला, फेलिसितास पोर्तो रिकोची.

मेंडेझ यांची मुलगी सिल्व्हिया आणि तिचे भाऊ आत्याबरोबर जवळच्या शाळेत नाव घालायला गेले. आत्याची मुले रंगाने उजळ आणि आडनावाने वेगळी, त्यांना प्रवेश मिळाला. मेंडेझच्या मुलांना सांगितले, तुम्ही मेक्सिकन शाळेत जा. एकाच घरातली मुले, रंग आणि आडनाव पाहून वेगळी केली. आडनाव विचारण्याचा हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

मेंडेझ आणि आणखी चार वडिलांनी १९४५ साली चार शाळा-जिल्ह्यांविरुद्ध दावा लावला. शेताच्या उत्पन्नातून खटल्याचा खर्च निघाला. फेब्रुवारी १९४६ मध्ये न्यायाधीश मॅकॉर्मिक यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. शाळा-जिल्हे अपिलात गेले, आणि इथे या पदाच्या इतिहासातली आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना घडली. तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनी यांनी अपील कोर्टात निवेदन दाखल केले ते शाळा-जिल्ह्यांच्या बाजूने नव्हे, मेक्सिकन मुलांच्या बाजूने. राज्याचा वकील राज्यातल्याच सरकारी शाळांविरुद्ध उभा राहिला. एनएएसीपीच्या वतीने थर्गुड मार्शल यांचेही निवेदन होते. एप्रिल १९४७ मध्ये अपील कोर्टाने निकाल कायम ठेवला. त्याच वर्षी राज्यपालांनी आशियाई आणि मूलनिवासी मुलांसाठी वेगळ्या शाळांची तरतूद रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. ते राज्यपाल कोण? अर्ल वॉरन.

केनी यांनाही देव्हाऱ्यात बसवू नका. १९४४ साली, जपानी लोक अजून कोकणा-विदर्भाएवढ्या दूरच्या वाळवंटी छावण्यांत अडकलेले असताना, त्यांच्याच कचेरीने ओयामा कुटुंबाची सॅन डिएगो जिल्ह्यातली जमीन राज्याच्या नावावर करून घेण्याचा दावा लावला होता. बापाने मुलाच्या नावावर जमीन घेतली हा गुन्हा. तो खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि जानेवारी १९४८ मध्ये ओयामा जिंकले. न्यायमूर्ती मर्फी यांनी आपल्या स्वतंत्र मतपत्रात वेबचे ते १९१३ चे भाषणच वेबच्या कायद्याविरुद्ध वापरले. १९५२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा जमीन कायदा घटनाबाह्य ठरवला आणि १९५६ साली मतदारांनी तो पुस्तकातून काढून टाकला. एकच माणूस, तीच खुर्ची. शाळेच्या प्रश्नावर पीडितांबरोबर आणि जमिनीच्या प्रश्नावर पीडितांविरुद्ध. जमीन हा प्रश्न नेहमी जास्त कठीण जातो, हे दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे.

पहिली बाई, पहिली कृष्णवर्णीय

आता हॅरिस यांच्याकडे येऊ. २०१० साली अगदी थोड्या मतांनी त्या निवडून आल्या. या पदावरची पहिली बाई, पहिली कृष्णवर्णीय, पहिली दक्षिण आशियाई वंशाची व्यक्ती. काही कामे त्यांनी ठामपणे केली. समलिंगी विवाहावर बंदी घालणाऱ्या कौलाचा कोर्टात बचाव करायला त्यांनी नकार दिला. तसा नकार त्यांच्या आधीच्या जेरी ब्राऊन यांनीही दिला होता. घरकर्जाच्या घोटाळ्यात बँकांनी देऊ केलेली तुटपुंजी तडजोड नाकारून त्यांनी राज्यासाठी कितीतरी मोठी रक्कम मिळवली.

पण दुसरी बाजूही वाचा. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत इतकी गर्दी होती की २०११ साली सुप्रीम कोर्टाने कैदी कमी करण्याचा आदेश कायम केला. त्या तुरुंगांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो यांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याहून मोठे. २०१४ साली हॅरिस यांच्या कचेरीच्या वकिलांनी कोर्टात सांगितले की कैद्यांना लवकर सोडण्याची सवलत वाढवली तर वणवे विझवण्यासारख्या कामांना मिळणारे कैदी मजूर कमी पडतील. हे आपल्याला माहीत नव्हते, ऐकून धक्का बसला, असे हॅरिस नंतर म्हणाल्या. त्याच वर्षी एका केंद्रीय न्यायाधीशाने कॅलिफोर्नियाची फाशीची पद्धत घटनाबाह्य ठरवली. हॅरिस स्वतः फाशीच्या विरोधात, पण राज्याच्या वकील म्हणून त्यांनी त्या निकालाविरुद्ध अपील केले.

ब्राह्मण आजोळामुळे त्या असे वागल्या, हा तर्क उथळ आहे. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्या आपोआप न्याय करतील, हाही तितकाच उथळ. पुणे करारानंतर बाबासाहेबांनी आयुष्यभर जो मुद्दा लावून धरला तो इथे उपयोगी पडतो. आपल्यातला माणूस खुर्चीवर बसणे ही पहिली पायरी. तो कोणाच्या मतांवर निवडून येतो आणि कोणाला जबाब देतो, हा खरा प्रश्न. कांशीराम यांनी पुणे कराराला ५० वर्षे झाली तेव्हा ‘चमचा युग’ लिहिले ते याच दुखण्यावर. संपूर्ण राज्याच्या बहुमतावर निवडून येणारा कायदा अधिकारी बहुमताच्या भीतीतच काम करतो. वेब त्या भीतीवर स्वार झाला, वॉरन तिच्याबरोबर वाहत गेला, हॅरिस तिच्याशी जुळवून घेत राहिल्या.

जात पुन्हा कॅलिफोर्नियाच्या कोर्टात

थिंड खटल्यानंतर सत्त्याण्णव वर्षांनी जात पुन्हा त्या राज्याच्या दारात उभी राहिली, पण यावेळी उलट्या बाजूने. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया सरकारच्या नागरी हक्क विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध दावा लावला. एका दलित अभियंत्याशी सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून भेदभाव केला, असा आरोप. हा विभाग अ‍ॅटर्नी जनरलच्या कचेरीहून वेगळा आहे, पण दावा राज्याच्याच नावाने होता. २०२३ साली दोन अभियंत्यांवरचा दावा मागे घेण्यात आला, कंपनीवरचा पुढे चालू राहिला. १९२३ साली जात ही अभिमानाची कागदपत्रे घेऊन कोर्टात आली होती. २०२० साली ती आरोपी म्हणून आली. हा फरक अमेरिकेतल्या आंबेडकरी संघटनांनी घडवला.

२०२३ साली सिनेटर आयेशा वहाब यांनी भेदभावबंदीच्या कायद्यात ‘जात’ हा शब्द स्पष्टपणे घालणारे विधेयक आणले. विधिमंडळाने ते मंजूर केले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यपाल न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. कारण दिले की सध्याच्या कायद्यात जातीवरचा भेदभाव आधीच येतो, वेगळा शब्द नको. ठीक आहे. मग आधीच्या कायद्याने जातीवर कारवाई करून दाखवण्याची जबाबदारी राज्याच्या कायदा अधिकाऱ्यांवर येते. तिथल्या आपल्या बांधवांनी आता हाच प्रश्न प्रत्येक निवडणुकीत अ‍ॅटर्नी जनरलच्या उमेदवाराला विचारला पाहिजे: कायद्यात जात येते ना? मग तुम्ही काय करणार?

आपल्याकडची खुर्ची

काहीजण म्हणतील, अमेरिकेचे पुराण आम्हाला कशाला? उत्तर देतो.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १६५ नुसार राज्याचा महाधिवक्ता राज्यपाल नेमतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. अनुच्छेद १७७ नुसार त्याला विधिमंडळात बोलता येते, मत देता येत नाही. म्हणजे आपला कायदा अधिकारी मतदारांच्या लहरीपासून दूर आहे, पण सरकारच्या मर्जीत आहे. कॅलिफोर्निया सांगते की निवडणूक ही न्यायाची हमी नाही. आपला अनुभव सांगतो की नेमणूकही नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी बजावले होते की संविधान कितीही चांगले असले तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल. राबवणारे म्हणजे फक्त मंत्री नव्हेत. कोर्टात राज्याच्या नावाने उभा राहणारा प्रत्येक वकील राबवणारा आहे.

खैरलांजी आठवा. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली, आणि जातीचा मुद्दा तिथेही टिकला नाही. ज्या हत्याकांडाने सारा महाराष्ट्र पेटला त्यात कोर्टाच्या कागदावर जात नाही! कोर्टात जात सिद्ध करणे हे सरकारी वकिलाचे काम असते. मोर्चा ते काम करू शकत नाही.

२०१८ आठवा. २० मार्चला सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याला खिळ घालणारा निकाल दिला. तो खटला महाराष्ट्रातून गेलेला, ‘महाराष्ट्र राज्य’ त्यात पक्षकार. २ एप्रिलला देश बंद झाला, आपली माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. रस्त्यावरची ही ताकद खरी आहे, तिचा मला अभिमान आहे. पण निकाल लागेपर्यंत सुनावण्या चालू होत्या. तेव्हा सरकारी बाजूचे वकील काय मांडत आहेत याकडे आपल्यापैकी किती जणांचे लक्ष होते? मेंडेझ खटल्यात निकालाआधी मार्शल यांचे निवेदन कोर्टात पोचले होते. फरक इथे आहे.

म्हणून काही ठोस कामे सांगतो. माहिती अधिकारात अर्ज करा: आपल्या जिल्ह्यात आणि खंडपीठात सरकारी वकिलांच्या यादीत कोण आहेत, अनुसूचित जाती-जमातींचे किती, स्त्रिया किती, नेमणूक कशी झाली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १५ आणि १५अ पाठ करा. विशेष सरकारी वकिलाची तरतूद पहिल्यात आहे, पीडित आणि साक्षीदारांचे हक्क दुसऱ्यात. १९९५ च्या नियमांतल्या नियम ४ नुसार पीडिताने मागणी केली तर जिल्हा दंडाधिकारी नामवंत वकील नेमू शकतात. गावोगाव फिरताना दिसते की पीडित कुटुंबाला आपला खटला कोणता सरकारी वकील चालवतो त्याचे नावसुद्धा माहीत नसते. त्यांना घेऊन त्या वकिलाला भेटा. प्रत्येक तारखेला कोर्टात दोन कार्यकर्ते बसलेले असू द्या. आणि एलएलबी करणाऱ्या पोरांनो, मोठा प्रश्न उच्च न्यायालयात आला की हस्तक्षेप अर्ज घेऊन जाण्याची तयारी आधीपासून ठेवा.

कॅलिफोर्नियाच्या त्याच कचेरीने अलीकडे एक काम केले आहे. २०२० च्या कायद्याने गुलामगिरी आणि तिच्या परिणामांच्या भरपाईचा अभ्यास करण्यासाठी कृती दल नेमले गेले. अ‍ॅटर्नी जनरलच्या न्याय विभागाने त्याला मनुष्यबळ पुरवले आणि जून २०२३ मध्ये अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. राज्याने कृष्णवर्णीयांवर काय काय अन्याय केले त्याची शेकडो पानांची नोंद राज्याच्याच कायदा खात्याच्या मदतीने झाली. भरपाई किती मिळेल तो पुढचा लढा. पण ज्या राज्यात १८५० साली कृष्णवर्णीयाची साक्ष चालत नव्हती, तिथे त्यांची साक्ष आता सरकारी दप्तरात लिहिली गेली आहे. ती कुणा एका भल्या अ‍ॅटर्नी जनरलची मेहेरबानी नाही. ती मागणाऱ्यांनी मागून मागून मिळवली आहे.

महाराष्ट्राच्या कोर्टांत ‘राज्य’ या शब्दात आपण आहोत की नाही, ते आपल्याच मागण्यांवर ठरणार आहे.

जय भीम! जय संविधान!